इंग्रजीच्या आखाड्यात

दोस्तांनो, आधी एक छोटासा खेळ खेळू या. घरातल्या कुणालातरी घड्याळ घेऊन समोर बसवा. एका चिठ्ठीवर लिहा : 'पाण्याकाठच्या एखाद्या जागेबद्दल सांगा. ती कुठे आहे, तुम्ही तिथे कधी जाता, तिथे काय करता आणि ती तुम्हांला का आवडते?' विचार करायला एक मिनिट. मग दोन मिनिटं सलग बोलायचं. आणि हो, इंग्रजीत!

'हात्तिच्या, एवढंच? आपला रंकाळा आहे की!' असं म्हणून तुम्ही सुरुवात कराल. रंकाळा इज अ लेक. इट इज इन कोल्हापूर. इट इज व्हेरी ब्यूटिफुल. आणि मग? संध्याकाळची गार हवा, भेळेच्या गाड्या, पाण्यापलीकडचा शालिनी पॅलेस, सगळं डोळ्यांपुढे लख्ख उभं असतं; पण शब्द काही केल्या सापडत नाहीत. घड्याळाचा काटा हलता हलत नाही. आई गालातल्या गालात हसत असते. पुढची पाळी तिची लावा, म्हणजे तिचंही हसू थांबेल!

हा खेळ मी मनानं रचलेला नाही बरं का. परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना इंग्रजी येतं की नाही हे पाहणाऱ्या परीक्षा असतात. त्यांतल्या आयईएलटीएस या परीक्षेत असाच प्रसंग येतो. बोलताना सगळे तिला 'आयल्ट्स' म्हणतात. अमेरिकेतली टोफेल ही तिची मोठी बहीण. डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी ओईटी नावाची आणखी एक परीक्षा आहे. तुमच्या गल्लीतला एखादा दादा किंवा ताई रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसत असेल, तर कदाचित त्यांची तयारी चालली असेल.

सात मिळाले, तरी अडलं

आमच्या शेजारी अशीच एक ताई राहते. मंगळवार पेठेतल्या मराठी शाळेत शिकली, पुढे नर्सिंगची पदवी घेतली, दवाखान्यात नोकरीला लागली. तिला ब्रिटनमधल्या इस्पितळात काम करायचं होतं. त्यासाठी तिथं नर्स म्हणून नाव नोंदवायला लागतं आणि त्या नोंदणीला इंग्रजीचा दाखला लागतो. आयल्ट्सची श्रेणी शून्य ते नऊ अशी असते, मध्ये अर्ध्या-अर्ध्या पायऱ्या असतात. ताईला ऐकणं, वाचणं आणि बोलणं या तिन्हींत किमान सात, लिहिण्यात साडेसहा आणि एकूण सात हवे होते.

ताईनं एका क्लासमध्ये नाव घातलं. तिथं पन्नास विषयांवरची पन्नास उत्तरं छापून दिली होती. 'ही पाठ करा, झालं काम!' ताईनं ती घडाघडा पाठ केली. पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली. निकाल लागला तेव्हा ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात, लिहिण्यात साडेसहा आणि बोलण्यात... सहा!

आता गणित करा पाहू. चारांची बेरीज सत्तावीस. भागिले चार, म्हणजे पावणेसात. या परीक्षेत पावणेसातचे सात धरतात. म्हणजे एकूण श्रेणी सात, हवी तेवढीच! तरीही ताईचं काम अडलं, कारण बोलण्यात सात नव्हते. परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर. ताईच्या बाबांचं चपलांचं छोटंसं दुकान. त्या दिवशी त्यांच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

'काय झालं गं नेमकं?' मी तिला विचारलं.

'काका, पाठ केलेलं बोलायला गेले की! मॅडमनी मधेच वेगळा प्रश्न विचारला आणि माझी गाडी रुळावरनं घसरली बघा. पुढचं काही आठवेना, आणि स्वतःचं काही सुचेना.'

ही ताई पुढे काय करते ते आपण पाहूच. त्याआधी या परीक्षेत असतं तरी काय ते समजून घेऊ.

चार डाव

कुस्तीत जसे डाव, तसे इथे चार भाग. आपल्या शाळेतल्या पेपरासारखे धड्याखालचे प्रश्न नाहीत, निबंधाचं गाइड नाही आणि नेमलेलं पुस्तकही नाही!

पहिला डाव ऐकण्याचा. साधारण तीस मिनिटं, चाळीस प्रश्न. ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात, पुन्हा नाही. कुणी फोनवर खोली भाड्यानं मागत असतं, कुणी वस्तुसंग्रहालयाची माहिती देत असतं. त्यात 'थर्टीन' म्हणाले की 'थर्टी', हे चटकन कळायला हवं. उत्तरातलं स्पेलिंग चुकलं, तर त्याचा गुण गेलाच. 'दोनपेक्षा जास्त शब्द लिहू नका' अशी सूचना असेल आणि तुम्ही तीन लिहिलेत, तरी गुण गेला.

दुसरा डाव वाचण्याचा. साठ मिनिटांत चाळीस प्रश्न. मधमाश्या, जुने पूल, झोप, भाषा, कशावरही उतारे येऊ शकतात. इथे एक गमतीचा प्रश्नप्रकार असतो. एक विधान देतात आणि विचारतात, हे बरोबर, चूक, की उताऱ्यात सांगितलेलंच नाही? भले भले इथे फसतात, कारण आपल्याला आधीपासून माहीत असलेली गोष्ट ते उताऱ्यात आहे असं धरून चालतात.

तिसरा डाव लिहिण्याचा. साठ मिनिटं, दोन प्रश्न. एकाला किमान दीडशे शब्द, दुसऱ्याला किमान अडीचशे. परदेशी विद्यापीठात जाणाऱ्यांना पहिल्या प्रश्नात बहुधा एखादा आलेख किंवा तक्ता देतात आणि त्यात काय दिसतं ते लिहायला सांगतात. कोल्हापूरच्या मुलांना हे अवघड का वाटावं? दर पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी वाचतोच की! ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पाणी कधी भराभर चढलं, कधी थबकलं, कधी ओसरायला लागलं, हे आपल्याकडे दुसरीतलं पोरही सांगतं. तेच इंग्रजीत, नीट क्रमानं लिहायचं. दुसऱ्या प्रश्नात एखाद्या विषयावर आपलं मत मांडायचं, कारणं द्यायची, उदाहरण द्यायचं.

चौथा डाव बोलण्याचा. अकरा ते चौदा मिनिटं, परीक्षकाशी थेट गप्पा. आधी घर, गाव, आवडीनिवडी यांवर साधे प्रश्न. मग ती चिठ्ठी : एक मिनिट विचार, दोन मिनिटांपर्यंत बोलणं. शेवटी त्याच विषयावर जरा खोलवर चर्चा. परीक्षक चार गोष्टी पाहतात. न अडखळता, संगत लावून बोलता येतं का? शब्द पुरेसे आहेत का? व्याकरण कसं आहे? आणि उच्चार समजतात का? चारही गोष्टींना सारखंच वजन. तुमचा सूर कोल्हापुरी असला म्हणून कुणी गुण कापत नाही. बोललेलं समोरच्याला विनासायास कळलं पाहिजे, बस्स!

या परीक्षेत पास-नापास असं काही नसतं. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात एवढंच ती सांगते. कुठली पायरी हवी ते ठरवतं ते विद्यापीठ किंवा ती नोकरी. आणि निकाल धरतात तो दोनच वर्षं. भाषा वापरली नाही तर गंजते, हे परीक्षा घेणाऱ्यांनाही ठाऊक आहे!

तीन बसले, तिन्ही पडले

अशा परीक्षा सुरू कधी झाल्या? ज्या केंब्रिज विद्यापीठानं १९०२ साली आपल्या राजर्षी शाहू महाराजांना सन्मानानं एलएल.डी. ही पदवी दिली, त्याच केंब्रिजनं १९१३ मध्ये परभाषकांसाठी इंग्रजीची एक परीक्षा काढली. तिचे सगळे पेपर मिळून सुमारे बारा तास चालत. भाषांतर होतं, व्याकरण होतं, निबंध होता, उच्चारशास्त्रसुद्धा होतं. पहिल्या वर्षी किती जण बसले असतील? फक्त तीन. आणि पास किती झाले? एकही नाही! तेव्हा इंग्रजीच्या परीक्षेत कुणाला कमी गुण मिळाले, तर त्यानं या तिघांची आठवण काढावी.

पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत टोफेल सुरू झाली आणि १९८९ पासून आयल्ट्स आजच्या नावानं ओळखली जाऊ लागली. हळूहळू भाषांतर मागे पडलं आणि प्रत्यक्ष ऐकणं-बोलणं पुढे आलं.

असं का झालं? आजोबांना विचारा. त्यांच्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी गिरवलं. वाक्यं अचूक लिहिता येत, पण बोलायची वेळ आली की अनेकांचे पाय लटपटत. त्याचं कारण आपल्या वाक्याच्या ठेवणीत आहे. 'मी काल संध्याकाळी बाबांबरोबर रंकाळ्यावर फिरायला गेलो.' यात 'गेलो' अगदी शेवटी येतं. इंग्रजीत ते 'आय'च्या पाठोपाठ हवं. डोक्यात मराठी वाक्य जुळवून मग ते उलटंपालटं करायचं म्हटलं, तर तोवर समोरचा माणूस पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. मराठीत 'अ', 'अॅन', 'द' असे शब्दही नाहीत, म्हणून आपण ते हमखास गाळतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुठं घसरतं ते ठाऊक असलं, की पाय जपून टाकता येतो.

परीक्षा नव्हती, तरी परीक्षा दिली

आता कोल्हापूरशी जोडलेली एक खरी गोष्ट सांगतो. या परीक्षा निघण्याच्या कितीतरी आधीची.

आनंदीबाई जोशी तुम्हांला माहीत आहेत. परदेशी जाऊन डॉक्टर झालेल्या आपल्या पहिल्या महाराष्ट्रकन्या. १८७८ च्या सुमारास त्यांचे पती गोपाळराव कोल्हापुरात पोस्टात नोकरीला होते. आनंदी तेव्हा तेरा वर्षांची, म्हणजे तुमच्याएवढीच! तिच्या शिक्षणाची सोय अमेरिकेत व्हावी म्हणून गोपाळरावांनी रेव्हरंड वाइल्डर यांना पत्र लिहिलं. हे वाइल्डर कोल्हापुरात अनेक वर्षं राहून गेलेले मिशनरी होते. त्यांचं उत्तर काही फारसं उत्साहाचं नव्हतं. पण ते पत्र त्यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन गावाहून निघणाऱ्या आपल्या मासिकात छापलं.

पुढची गंमत ऐका. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या. तिथं त्यांच्या हाती ते मासिक पडलं. त्यांनी पत्र वाचलं आणि थेट जोशी कुटुंबाला लिहिलं. मग आनंदी आणि कार्पेंटरबाई यांची पत्रं सुरू झाली. आनंदी त्यांना मावशी मानू लागली. आपल्याकडचे सण, चालीरीती, खाणंपिणं, मनातले प्रश्न, सगळं ती इंग्रजीत लिही. तिला ना क्लास होता ना छापील उत्तरं. तिला सांगायचं पुष्कळ होतं आणि ते ऐकायला एक माणूस होतं.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिनं बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात लोकांपुढे उभं राहून इंग्रजीत भाषण केलं. 'मी अमेरिकेला का जाते?' हा विषय. बाईनं समुद्र ओलांडायचा म्हणजे केवढा गहजब, अशा त्या काळात! लोक उघड विरोध करत होते. त्यांच्यासमोर तिनं एकेका आक्षेपाला उत्तर दिलं. बोलण्याचा चौथा डाव याहून अवघड कुणी दिला असेल का?

अमेरिकेत पोहोचल्यावर तिनं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज केला. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटी पुऱ्या करू शकत नाही, हे तिनं अर्जात सरळ लिहिलं. आणि आपण का आलो, तेही लिहिलं : आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. तिला प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाचं काम तिच्याकडे सोपवायचं ठरलं होतं. पण आजारानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात ती गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

कोल्हापूरहून निघालेलं ते पत्र प्रिन्स्टनला छापलं गेलं. आज टोफेल घेणाऱ्या संस्थेचं मुख्य ठाणंही प्रिन्स्टनजवळच आहे. योगायोग म्हणायचा, दुसरं काय!

घरच्या घरी तालीम

आता आपल्या ताईकडे परत येऊ. तिनं छापील उत्तरं माळ्यावर टाकली. रोज सकाळी डबा भरताना ती त्या दिवशी दवाखान्यात काय काय करायचं आहे ते इंग्रजीत मोठ्यानं बोलू लागली. रात्री मोबाइलवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं मुद्रित करायची आणि ऐकायची. 'पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वतःचाच राग आला, काका. प्रत्येक वाक्यामागं अॅक्च्युअली, अॅक्च्युअली!' आठवड्यातून दोनदा तिची एक मैत्रीण परीक्षक व्हायची आणि मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारायची. चार महिने असं चाललं. दुसऱ्या परीक्षेत तिला बोलण्यात सात मिळाले, आणि बाकीचेही हवे तेवढे. चिठ्ठीवर काय आलं होतं विचारलं तर म्हणाली, 'कष्टानं काम करणारा माणूस. मी बाबांचं सांगितलं. चामडं कसं कापतात, वेणी कशी घालतात, सगळं. वेळ संपला तरी माझं बोलणं संपेना!'

तुम्हांला ही परीक्षा द्यायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. काहींना कधी द्यावीही लागणार नाही. पण तालीम आत्तापासून करता येते, आणि तिला पैसे लागत नाहीत. हे पाच जोर रोज काढून पाहा :

१. रोज एक इंग्रजी बातमी ऐका. एकदाच ऐका आणि त्यातली नावं व आकडे लिहा. मग पुन्हा ऐकून ताळा करा.

२. रोज पाच ओळींची डायरी इंग्रजीत लिहा. आज डब्यात काय होतं, कुणाशी भांडण झालं, काहीही चालेल.

३. नवा शब्द एकटा पाठ करू नका. त्याचं स्वतःपुरतं खरं वाक्य करा. तेच लक्षात राहतं.

४. वाचनालयात जा. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे! आपल्या इयत्तेपेक्षा सोपं इंग्रजी पुस्तक घ्या. सोपं वाचायला लाजू नका. भरभर वाचण्याची सवय त्यातूनच लागते.

५. आठवड्यातून एकदा चिठ्ठीचा खेळ. सुरुवातीला तीस सेकंद जमली तरी शाबासकी. पुढच्या महिन्यात एक मिनिट.

आणि मराठी सोडू नका हं! ज्याला रंकाळ्याबद्दल मराठीत दोन मिनिटं रंगवून सांगता येत नाही, त्याला इंग्रजीत कुठून येणार? सांगण्यासारखं काही आधी मनात असावं लागतं.

पालकांसाठी चार शब्द

पालकहो, लहान मुलांसाठीही इंग्रजीच्या परीक्षा आहेत. केंब्रिजच्या स्टार्टर्स, मूव्हर्स आणि फ्लायर्स या परीक्षांत कुणी नापास होत नाही. प्रत्येक कौशल्याला पाचपैकी ढाली मिळतात. मुलाला हौस असेल तर जरूर बसवा, पण शेजारच्यानं दिली म्हणून नको.

घरात मोठं कुणी आयल्ट्स-टोफेलला बसणार असेल, तर आधी त्या विद्यापीठाला किंवा नोकरीला नेमकी किती श्रेणी हवी, आणि प्रत्येक भागात किती, ते त्यांच्याच अधिकृत माहितीतून तपासा. एकूण श्रेणीवर विसंबू नका, आमच्या ताईची गोष्ट आठवा. निकाल दोन वर्षंच चालतो, तेव्हा फार आधी देऊन ठेवू नका. नमुना प्रश्नपत्रिका परीक्षा घेणाऱ्या संस्था स्वतःच विनामूल्य देतात. 'हमखास आठ मिळवून देतो' असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून बाहेर पडा. आणि 'परीक्षेशिवाय दाखला देतो' म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका. संस्था दाखले पडताळून पाहतात. खोटा दाखला सापडला की पैसाही जातो आणि पुढची वाटही बंद होते.

शेवटचं म्हणजे मूल इंग्रजीत चुकत-माकत बोलत असताना मधेच हसू नका, वाक्याच्या मध्ये चूक काढू नका. त्याला संपवू द्या. चूक नंतर सांगता येते; तोंडातच राहिलेलं वाक्य मात्र पुन्हा बाहेर काढणं फार कठीण.

मग काय दोस्तांनो, चिठ्ठी तयार आहे ना? आज रंकाळा झाला. उद्याचा विषय मी देतो : 'तुमच्या घरातलं कष्टानं काम करणारं माणूस.' घड्याळ लावा. एक मिनिट विचार करा... आणि बोला बिनधास्त!